चाकांवरचं स्टूल आणि सरकारची दाढ

मित्रांनो, दातांच्या दवाखान्यातलं एक जुनं स्टूल तुमच्याशी बोलतंय. खाली पाच चाकं, मध्ये दांडा आणि वर काळी गोल बैठक, एवढाच मी. पायाला भिंगरी लागली असं माणसं म्हणतात ना, माझ्या तर प्रत्येक पायाला भिंगरी आहे. फरशीला जरा उतार मिळाला की मी निघालोच. आत्ताही बोलता बोलता मी भिंतीकडे सरकतो आहे.

कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा एका कामगाराने मला ढकलून पाहिलं. मी सरळ न जाता डावीकडे वळलो. "तिरकंच आहे हे," तो म्हणाला. "जाऊ दे, बसणारा सांभाळून घेईल." मग मला खोक्यात भरलं. खोक्यात हलता येत नव्हतं. ते दिवस मला अजून आठवले की कसंतरी होतं.

मला सांभाळून घेणारी मिळाली ती डॉक्टरबाई. बाकीच्या दवाखान्यांत रोगी खुर्चीकडे जातो. आमच्या दवाखान्यात मात्र बाई मला घेऊन रोग्याकडे जायच्या. कारण त्यांच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांना त्या मोठ्या, मागे झुकणाऱ्या खुर्चीत बसता यायचं नाही. एक मुलगा टेबलाखाली जाऊन बसायचा. बाई मला टेबलापर्यंत न्यायच्या, वाकून त्याच्या दातांशी बोलायच्या. एका मुलीला दिसत नव्हतं. तिने आधी माझी सगळी चाकं चाचपली, मग तोंड उघडलं. मी दिवसभर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरायचो. साधनं धुणाऱ्या मावशी म्हणायच्या, "बाई, तुम्ही आणि हे स्टूल, दोघांच्या अंगात वारं आहे."

पुढे माझी चाकं कुरकुरू लागली. नवं स्टूल आलं. त्याला पाठ होती, हात होते, मऊ गादी होती. मला मागच्या खोलीत पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवलं. मावशी माझ्यावर ओले टॉवेल टाकायच्या. मित्रांनो, ज्याला फिरायची सवय आहे त्याला टॉवेलांची खुंटी करू नये. दारापलीकडे मुलं रडायची, हसायची, आणि मी जागच्या जागी वळवळत राहायचो.

एके दिवशी बाहेरून वेगळाच आवाज आला. रडणं नव्हतं ते. कोणीतरी स्वतःच्याच गालावर थपाथप मारत होतं.

चाकांच्या खुर्चीतून एक आठ-नऊ वर्षांची मुलगी आली होती. तिचे हातपाय ताठ होते, मान एका बाजूला कललेली, उजवा गाल सुजलेला. तिला बोलता येत नव्हतं. तिला आणलं होतं तिच्या बाबांनी. ते रंगारी होते, नखांत अजून पांढरा रंग होता.

"हट्टीपणा करते, असं सगळे म्हणतात," बाबा म्हणाले. "जेवत नाही, मारून घेते. काल गाल सुजला तेव्हा कळलं. चला सरकार, डॉक्टरांना तोंड दाखवा." तिला ते सरकारच म्हणायचे.

मावशींनी आणि बाबांनी तिला मोठ्या खुर्चीत ठेवलं. खुर्ची मागे झुकली मात्र, सरकार धनुष्यासारखी ताठ झाली आणि किंचाळली. आपण पडतोय असंच तिला वाटलं.

"उचला तिला," बाई म्हणाल्या. "तिच्याच खुर्चीत बसू दे. मी मागून बघते." पण तिच्या खुर्चीमागे नव्या स्टुलाचे हात अडकायला लागले. बाईंनी ते ढकलून दिलं. "मावशी, ते जुनं आणा."

टॉवेल उडाले. मी एवढ्या जोरात बाहेर आलो की उंबऱ्यावर आपटलो.

बाई माझ्यावर बसून सरकारच्या मागे आल्या. तिचं डोकं त्यांनी आपल्या हाताच्या कुशीत घेतलं आणि ओठ जरा बाजूला केला. मागची दाढ किडून पोकळ झाली होती. तिच्या मुळाशी पू होता.

"औषधं कोणती चालू आहेत?"

"झटक्यांचं पातळ औषध. गोड आहे, म्हणून कुरकुर न करता घेते. शेवटचा चमचा झोपताना."

"त्यानंतर दात पुसता?"

बाबा नखांतला रंग खरवडू लागले. मग हळू म्हणाले, "तिची आई औषध दिल्यावर बोटाला ओलं फडकं गुंडाळून काहीतरी करायची. मी कामावरून येऊन तिथेच बसलेलो असायचो. मला वाटायचं, लाळ पुसते."

आई गेल्याला वर्ष झालं होतं. बाबांनी औषधाची एक वेळ चुकवली नव्हती. त्या औषधातली साखर मात्र रात्रभर दातांवर बसून राहत होती.

"दाढ काढावी लागेल," बाई म्हणाल्या. "आधी सूज उतरू दे. तोवर तिला रोज घेऊन या, ओळख करू. जागेपणी जमलं नाही, तर मोठ्या रुग्णालयात पूर्ण भूल देऊन करू."

"पूर्ण भूल नको." बाबांचा आवाज एकदम चढला. "तिची आई अशीच ऑपरेशनसाठी आत गेली होती. येते गं, म्हणाली होती हिला."

"तिची छाती अशक्त आहे, पूर्ण भूल जड जाऊ शकते, म्हणून मीही आधी इथेच बघणार. पण गरज पडलीच तर ते करावं लागेल. तिथे नीट तयारी करून करतात. दाढ अशी सोडता येणार नाही."

त्या दिवसापासून मला चैन नव्हतं. पहिल्या दिवशी बाईंनी छोटा आरसा सरकारच्या फक्त नखाला लावला. दुसऱ्या दिवशी गालाला. नंतर ओठाला. एवढंच करून घरी पाठवायच्या. अहो, आत कधी जाणार, असं मला व्हायचं. औषधाने सूज उतरली होती, पण बाई म्हणत होत्या की ती परत येईल. बाबा रोज तेच विचारायचे, "होईल ना इथे?" बाई रोज म्हणायच्या, "बघू."

दाढ काढायच्या दिवशी बाईंनी बाबांना माझ्यावर बसवलं. "आज डोकं तुम्ही धरा. तिला तुमचा वास ओळखीचा आहे." बाई स्वतः बाजूला उभ्या राहिल्या. बाबा बसले आणि मी मागे पळालो. सरकार दचकली, दात घट्ट मिटले.

"हे द्वाड थांबतच नाही!" मावशींनी माझ्या चाकाला पाय लावला.

पण बाबांना थांबवणार कोण? लेकीचं डोकं छातीशी धरून ते नकळत पुढेमागे झुलू लागले. माझी चाकं बोटभर पुढे, बोटभर मागे. सरकारची मान सैल पडायला लागली.

"मावशी, पाय काढा," बाई म्हणाल्या. "हलू दे."

मावशींनी पाय काढला. आम्ही झुलत राहिलो. ताठ हात मांडीवर आले, जबडा सुटला. बाईंनी दातांमध्ये रबराचा ठोकळा ठेवला.

"आता मात्र हलायचं नाही."

मावशींनी पुन्हा पाय लावला. बाबांनी श्वास रोखला. सुई टोचली तेव्हा सरकार "आँ" करून ओरडली. बाबांनी तिच्या कपाळावर हनुवटी टेकवली. दाढ बधिर झाली. चिमटा आत गेला, बाईंचं मनगट एकदा इकडे, एकदा तिकडे वळलं, आणि किडकी दाढ वाटीत वाजली.

"झालं?" बाबांनी विचारलं. "इथेच झालं?"

"इथेच."

ते उठले नाहीत. माझ्यावरच बसून राहिले, बराच वेळ.

जखम भरल्यावर बाईंनी त्यांना पुन्हा बोलावलं. नखांतला रंग घासून काढायला लावला. बोटाला ओलं फडकं गुंडाळून दिलं. "औषधानंतर हे रोज. मग हळूहळू ब्रश."

बाबांनी सुरुवात केली.

"अहो, भिंत नाही ती," मावशी म्हणाल्या. "हलक्या हाताने!"

सरकारने बोट चावलं. "सरकार, बोट परत द्या, उद्या कामाला जायचंय." ती हसायला लागली आणि बोट सुटलं. बाबांनी पुन्हा फडकं फिरवलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग म्हणाले, "ती रोज करायची हे. कधी सांगितलं नाही मला."

"सांगायचं काय त्यात," मावशी म्हणाल्या. "तिला ते काम वाटलंच नसेल."

मित्रांनो, घरी झोपताना तो हात फिरतो की नाही, मला कळत नाही. माझी चाकं दवाखान्याबाहेर जात नाहीत. म्हणून जीव थाऱ्यावर नसतो. ते पुन्हा तपासायला येतील तेव्हाच कळेल. तोवर तुम्हाला एक विनवणी आहे. तुमचं एखादं भावंड, एखादा सोबती बोलू शकत नसेल आणि जेवताना तोंड फिरवत असेल, तर त्याला हट्टी म्हणू नका. घरातल्यांना सांगा, त्याचे दात बघा. आणि तुमच्या घरात कोणी रोज कोणाचं काही करत असेल, तर एकदा शेजारी जाऊन उभे राहा. तो हात कुठून कुठे जातो ते नीट पाहून घ्या. ते माणूस घरात आहे, तोवरच पाहून घ्या.