शपथेचा तांब्या

तांब्या म्हणतात मला, पण आहे मी पितळेचा. सारंगखेड्यापासून दोन कोसांवर, तापीच्या काठाला आमचं गाव. तिथल्या छगनभाऊंच्या स्वयंपाकघरात, डाव्या हाताच्या फळीवर माझी जागा. पोचे तीन आहेत, त्यांचं वाईट वाटत नाही. वाईट कशाचं वाटतं तेच सांगायला बसलोय.

छगनभाऊंच्या आईनं मला सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलं. नवरा घोडे बघत हिंडत होता आणि ही बाई भांड्यांच्या दुकानात एकेकाला टिचकी मारून बघत होती. मी खणखणीत वाजलो. त्याचा मला अजून तोरा आहे, असू द्या. तिच्या हातानं मी तुळशीला गेलो, केळीच्या बागेत मजुरांच्या ओंजळीत रिकामा झालो. आणि तिची वेळ आली तेव्हा तिच्या तोंडात शेवटचं पाणी घालायलाही मलाच उचललं. ते पाणी घातलं तिच्या सुनेनं, छगनभाऊंच्या बायकोनं, वत्सलाबाईंनी. तेव्हापासून वत्सलाबाई मला इतर भांड्यांत घासत नाहीत. वेगळ्या घासतात, चिंच लावून.

इतकी वर्षं लोक माझ्यासमोर देवाशी बोलतात. खरं सांगू? देव मला एकदाही दिसला नाही. माणसाची बोटं मात्र मी ओळखतो. आमच्या गावची रीत अशी, की तापीचं पाणी भरून माझ्यात उजव्या हाताची बोटं बुडवायची, आपल्या जिवाच्या माणसाचं नाव घ्यायचं आणि शपथ खायची. मोडली तर त्या माणसावर येते, असं मानतात. त्यातून सुटायला वाट एकच. ज्यानं शपथ घ्यायला लावली, त्यानं स्वतःच्या हातानं पाणी ओतून टाकायचं आणि ‘सोडलं’ म्हणायचं. दुसऱ्या कुणी ओतलं तर चालत नाही.

पूर्वी हे बांधाच्या भांडणापुरतं होतं, चार-सहा वर्षांत एखाद्या वेळी. मग पंचायतीच्या निवडणुकीत माणसांना माझी आठवण व्हायला लागली. पेट्या उघडल्यावर आपल्याला कुणी फसवलं हे कळत नाही, याचा म्हणे फार त्रास होतो. आता मत गुपित ठेवायचं हा कायदा माणसांनीच केला ना? मग त्याच्यावरचा हा उपायही त्यांनीच काढला. मला तर या माणसाच्या जातीचं डोकंच कळत नाही.

गेल्या वर्षी छगनभाऊ स्वतः उभे राहिले. समोर रोशनी, गावात शिवणकाम करणारी, तिशीची बाई. छगनभाऊंना वाटलं होतं, सहज जिंकू. मग गल्लीतल्या बायकांतून कुजबुज यायला लागली आणि त्यांची झोप उडाली. धाकटा भाऊ हेमराज याद्या घेऊन बसला. ठरलं, की मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी मला ओट्यावर मांडायचं आणि मत छगनभाऊंनाच, अशी शपथ घ्यायला लावायची.

पाणी आणायला वत्सलाबाई मला घेऊन घाटावर गेल्या. मला नदीत बुडवलं, भरलं, वर काढलं. मग त्या पायरीवर तशाच उभ्या राहिल्या. बराच वेळ. शेवटी त्यांनी मला नदीतच पालथं केलं, रिकामंच घरी आणलं आणि परसातल्या नळाखाली धरलं. कुणाला काही बोलल्या नाहीत. ओट्यावर नेऊन ठेवलं. माझ्या पोटात नळाचं पाणी, आणि हेमराज लोकांना सांगतोय, तापीमाय बघते आहे हं.

एकोणचाळीस माणसांनी बोटं बुडवली. काहींची सहज बुडाली, त्यांचं मला काही वाटलं नाही. दगूबाईची बोटं गार होती. ती छगनभाऊंच्या केळीत कामाला. तिची लेक रविना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. अंगावर सूज होती तिच्या. महिनाभर रोशनीनंच तिला आपल्या गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं, आणलं. हेमराज म्हणाला, “पोरनं नाव ले, दगूबाई.” दगूबाईनं एकदा वत्सलाबाईंकडे पाहिलं आणि नाव घेतलं.

घरातल्या माणसांना कुणी बोटं बुडवायला सांगितली नाहीत. यादीत वत्सलाबाईंच्या नावापुढे हेमराजनं आपणच खूण करून टाकली.

मतदानाच्या दिवशी दुपारी रविनाला कळा सुरू झाल्या. जावई भिकन तिला जीपमधून नंदुरबारला घेऊन गेला. मत देऊन मागून येते, म्हणून दगूबाई थांबली. मत दिलं. मग फोन आला.

ऊन उतरलं होतं. ओट्यावर छगनभाऊंची माणसं चहा पीत होती. दगूबाई अनवाणी आली आणि पायरीशीच थांबली. हातात फोन होता.

“भाऊ, मी तुमले मत दिधं नही,” ती म्हणाली. “रोशनीले दिधं. तठे मन्ही रविनाना पोटमा बाळना ठोका कमी व्हई ऱ्हायनात. मन्ही शपथ सोडा.”

मी आत फळीवर होतो, पण दार उघडं होतं. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. छगनभाऊंचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. मला वाटलं, उठतील आता. आत येतील, मला उचलतील. त्या आईच्या हाताखाली वाढलेला माणूस तो, इतकं तर करेलच.

छगनभाऊ म्हणाले, “सोडस मी. पन पहिले सांग, आखो कोन कोन शे?”

हेमराजनं खिशातून यादी काढली.

दगूबाईला नावं माहीत होती. नदीवर धुणं धुताना तिनं आणि आणखी पाच जणींनी मिळून ठरवलं होतं, आणि त्या पाचही जणी छगनभाऊंच्याच केळीत कामाला. तिनं फोनकडे पाहिलं. फोन वाजत होता आणि ती उचलत नव्हती, उचलायची भीती वाटत होती तिला. एकीकडे पोटची पोर, एकीकडे पाच जणींची भाकर. तिचे ओठ हलले. देवाशप्पथ सांगतो, त्या वेळी मला स्वतःचीच किळस आली.

वत्सलाबाईंनी मला फळीवरून उचललं. नळाखाली भरलं आणि बाहेर आल्या.

“काल पानी तापीनं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “मी नळनं भरेल व्हतं. कोनीच बांधायेल नही. तू जाय, दगूबाई.”

दगूबाई हलली नाही. तिनं नाही म्हणून मान हलवली.

“पानी नळनं ऱ्हाऊ द्या, वहिनी. मन्हा मनमा ते तापीच व्हती ना. नाव मी मन्ही पोरनंच लिधं.”

मी साठ वर्षं ज्याचा विचार करतोय, ते त्या बाईनं एका वाक्यात सांगून टाकलं. पण विचार करायला तेव्हा वेळ कुणाला होता. सुटका छगनभाऊंच्याच हातात होती आणि छगनभाऊ तेच म्हणत होते, “नावं सांग.”

“एक नाव मी सांगस,” वत्सलाबाई म्हणाल्या. “मन्हं.”

हेमराज यादीकडे बघत बसला, त्यात त्यानंच केलेली खूण होती. छगनभाऊ बायकोकडे बघत राहिले. मग उठले. माझ्या कडांना त्यांची बोटं लागली तेव्हा ती दगूबाईच्या बोटांइतकीच गार होती. त्यांनी मला पायरीवर ओतलं आणि खाली बघत म्हणाले, “सोडं.”

दगूबाई पळत सुटली. तिन्हीसांजेला ऑपरेशन झालं. मुलगी झाली, दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवली, आता रांगते. गावात कुणी म्हणतं, शपथ सुटली म्हणून वाचली. रोशनी म्हणते, वेळेवर नेली म्हणून. दगूबाई दोघांनाही हो म्हणते. छगनभाऊ चार मतांनी निवडून आले. त्या पाच जणी अजून कामावर आहेत, नावं कुणाला कळली नाहीत.

मी परत फळीवर आहे. वत्सलाबाई मला तशाच चिंच लावून घासतात. रोज सकाळी छगनभाऊ पाणी मागतात, त्या माझ्यातून देतात. ते पाणी पितात, मला खाली ठेवतात, बायकोकडे बघतात, तोंड उघडतात आणि मग केळीच्या भावाचं काहीतरी बोलतात. वर्ष झालं. त्या ऐकून घेतात, मला उचलून नेतात, आणि नेताना त्यांचा हात जरासा थांबतो. मला कळतं, त्या वाट बघत असतात.

छगनभाऊ, मला बोलता आलं असतं तर तुमच्याकडे एवढंच मागितलं असतं. त्या संध्याकाळी ओट्यावर तुम्ही कोण कोण ते विचारलंत. का, ते अजून विचारलं नाहीत. विचारा. त्या सांगतील.