हवेशीर समुद्र

चिमटीचं अर्धं शरीर फ्रीजमध्ये होतं. गुडघे जमिनीवर, डोकं सर्वांत खालच्या कप्प्यात, आणि हातातल्या चपट्या चमच्याने ती बर्फात रुतलेलं एक खोकं खरवडून काढत होती. प्रयोगशाळेचं मशीन सांभाळणारे मशीनकाका पायाने दार धरून उभे होते. त्या दाराला एकटं सोडलं की ते हळूच मिटायचं, आत माणूस असला तरी.

"निघतंय का गं?"

"निघतंय. काका, इथे कुणाचा तरी जेवणाचा डबा आहे."

"कुणाचा?"

"माहीत नाही. पण आता तो जेवणाचा राहिलेला नाही. आपल्या विषयात आलाय."

तिचं खरं नाव वेगळं होतं. पण प्रयोगशाळेत आल्यापासून तिने कुठलीही वस्तू बोटांनी उचललेली कुणी पाहिली नव्हती, बिस्किटसुद्धा नाही, म्हणून ती चिमटी. खोकं मात्र तिने दोन्ही हातांनी ओढलं. आत काचेच्या इवल्या बाटल्या होत्या आणि प्रत्येकीच्या तळाशी डांबरासारखं काळं, चिकट काहीतरी होतं.

"कोण आहे आत?" दारातून सरांचा आवाज आला.

मशीनकाकांनी आदराने पाय मागे घेतला. फ्रीजचं दार चिमटीच्या कमरेवर आपटलं.

"मी, सर. फ्रीज साफ करतेय."

"कर, कर. पण फेकू नकोस हां काही. खाली माझ्या जुन्या काळ्या बाटल्या असतील."

"त्या तर मुळीच नाही फेकणार, सर."

हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. आधीच्या वाक्याबद्दल तसं म्हणता येत नव्हतं.

सर तरुणपणापासून एकाच समुद्राच्या मागे होते. तो समुद्र कोट्यवधी वर्षांपूर्वी आटला होता, त्यामुळे तोही कुठे पळून जाणार नव्हता. त्याच्या तळाच्या गाळाचा दगड झाला होता. मासे, शेवाळ सगळं गेलं, पण त्यांच्या चरबीचे आणि रंगांचे रेणू दगडात मागे उरले होते, डोळ्यांना न दिसणाऱ्या हाडांसारखे. दगड कुटायचा, द्रावकात भिजवायचा, निघालेला अर्क वेगवेगळ्या वाटण्यांत पाडायचा आणि एकेक वाटणी मशीनला पाजायची. मशीन सांगायचं, कुणाकुणाची हाडं आहेत ते.

सर शोधत होते एका विक्षिप्त जीवाणूला. त्याला ऊन लागतं, सडक्या अंड्यांच्या वासाचा तो वायूही लागतो, पण ऑक्सिजन अजिबात सोसत नाही. त्याच्या रंगाची हाडं सापडली, तर समजायचं की समुद्रातला ऑक्सिजन संपून ती घाण पार उन्हापर्यंत वर चढली होती. सरांनी दगडामागून दगड कुटले, पण जीवाणू सापडला नाही. तेव्हा सरांनी जाहीर केलं, हा समुद्र शेवटपर्यंत हवेशीर होता.

"हवेशीर, पूर्वाभिमुख, बाजारपेठ जवळ," मशीनकाका म्हणत. अर्थात सर खोलीत नसताना.

अडचण अशी होती की चिमटीला ते पटत नव्हतं. तो घाणेरडा वायू गाळात या हाडांना गंधकाच्या गाठी मारून ठेवतो. गाठी पडलेली हाडं स्वच्छ वाटण्यांत उतरत नाहीत. ती शेवटच्या काळ्या चिकट वाटणीत अडकून बसतात, आणि ती वाटणी कुणी मशीनला पाजत नाही, कारण मशीन आजारी पडतं. म्हणजे पुरावा ज्याच्याविरुद्ध, त्यानेच पुराव्याचे हातपाय बांधून ठेवलेले. आणि सर आयुष्यभर पाहत आले होते ते फक्त मोकळ्या फिरणाऱ्यांकडे.

दगड आता शिल्लक नव्हता. ज्या खाणीतून तो आला, तिथे पोहण्याचा तलाव झाला होता आणि लोक त्यात लहान मुलांना उतरवत होते. उरल्या होत्या या काळ्या बाटल्या, त्याही सरांना काही फेकवत नाही म्हणून.

चिमटीच्या प्रबंधावर सरांची सही व्हायची होती. सरांचं पुस्तक शुक्रवारी छपाईला जायचं होतं आणि त्यातलं सर्वांत लांब प्रकरण हवेशीर होतं. बोलावं तर सही हातची जाईल. गप्प बसावं तर सर ठळक अक्षरांत चुकतील.

"आधी बघ तरी," मशीनकाका म्हणाले. "नसलंच काही तर सुटलीस."

"आणि असलं तर?"

"तर मी त्या दिवशी रजेवर आहे."

गाठी सोडवायला निकेलची बारीक भुकटी लागते. ती कोरडी पडली की आपली आपण पेट घेते, म्हणून ती कायम बुडवून ठेवायची आणि तिच्याशी गोड बोलायचं. चिमटीने काळ्या अर्काचा थोडासा भाग घेतला, भुकटी घातली, उकळवलं, गाळलं. दुसऱ्या नळीत तिने काहीच घेतलं नाही आणि त्या काहीच नसण्यालाही तशीच भुकटी घालून तसंच उकळवलं, तसंच गाळलं. ही कोरी नळी. हिच्यात काही दिसलं, तर ते समुद्राचं नाही, आपल्या हातचं, हवेतलं, नाहीतर कुणाच्या तरी केसांच्या तेलातलं.

मशीनकाका आपल्या मशीनला आत्याबाई म्हणत, कारण कुणी कुठे काय सांडलं ते तिला बरोबर कळायचं आणि ती ते सगळ्यांसमोर बोलून दाखवायची.

आत्याबाई अर्क पीत असताना आईचा फोन आला.

"झालं का गं तुझ्या त्या समुद्राचं?"

"आज कळेल, आई."

"शेजारच्या काकूंनी विचारलं, मुलगी काय करते. मी म्हटलं, दगड फोडते."

"बरोबर आहे."

"त्या म्हणाल्या, शिकून?"

"फोन ठेव आई, रेषा वर जातेय."

पडद्यावर रेषा खरंच वर जात होती. सपाट जमिनीतून एक सुळका उठला, त्या जीवाणूचा जिथे उठायला हवा होता नेमका तिथे, आणि शेजारी दोन छोटे, त्याच घराण्यातले. मशीनकाका खुर्ची ओढून बसले. कोरी नळी लावली. ती कोरी निघाली. सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. सुळका पुन्हा आला, या वेळी तर थोडा जास्त आत्मविश्वासाने.

"गेला," मशीनकाका हळूच म्हणाले. "समुद्र गुदमरून गेला गं."

चिमटीला इतका आनंद झाला की तिला तातडीने वाईट वाटलं.

*

सरांच्या खोलीत ती उभीच राहिली. येताना तिने सात-आठ वाक्यं जुळवली होती. 'काही मर्यादांच्या अधीन राहून' अशी सुरुवात होती. प्रत्यक्षात तिने कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "सर, तो हवेशीर नव्हता."

सरांनी चष्मा लावला. मग काढला, पुसला, परत लावला. सुळका होता तिथेच होता.

"हे कशातून काढलंस?"

"काळ्या वाटणीतून. गंधक काढून टाकलं, सर."

"कोऱ्या नळीत?"

"काही नाही."

"परत केलंस?"

"परतही हेच."

"बाटली कुठली?"

"तुमचीच, सर. फ्रीजमधली."

सरांनी कागद उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं. तिचं एक चाक किंचाळत लांब गेलं, वळलं, थांबलं.

"म्हणजे तू फ्रीज नाही साफ केलास," सर म्हणाले. "मला साफ केलंस."

आणि उठून बाहेर गेले.

चिमटी तशीच उभी राहिली. सहीशिवायचं आयुष्य कसं असेल याचा ती अंदाज घेऊ लागली. दगड फोडता येत होतेच. मग बाहेरून सरांचा फोनवरचा आवाज आला. घरी लावला होता.

"अगं, मी चुकलो... समुद्रात... नाही, नाही, पडलो नाही. चुकलो... आज नाही, फार पूर्वीच. कळलं आज... हो, जेवायला घरीच आहे."

मग दुसरा फोन.

"शुक्रवार विसरा... नाही हो, माझी तब्येत उत्तम आहे. समुद्राची बरी नाही."

यानंतर चिमटीला जे ऐकू आलं त्यावर तिचा विश्वास बसला नाही. सर गुणगुणत होते. बेसूर, पण मनापासून. आवाज प्रयोगशाळेकडे सरकत गेला.

ती मागोमाग गेली. सरांनी खुंटीवरचा कुणाचा तरी प्रयोगशाळेचा पांढरा अंगरखा चढवला होता, त्याच्या बाह्या कोपरापर्यंतच पोचत होत्या. ते फ्रीजसमोर मांडी घालून बसले होते आणि काळ्या बाटल्या एकेक करून ओळीने लावत होते, सर्वांत खालच्या थरापासून वरच्यापर्यंत. मशीनकाका, जे रजेवर असणार होते, दार धरून उभे होते.

"ये. हे बघ, सगळे थर आहेत. खालून वर," सर म्हणाले. "नुसता गुदमरला म्हणून नाही चालणार. हळूहळू गुदमरला की एकदम? मध्ये कधी श्वास घेतला का? सगळं इथे आहे. इतकी वर्षं माझ्याच फ्रीजमध्ये."

"सर, माझी सही..."

"सही करतो गं. शेवटचं प्रकरण बदलून आण, करतो. पुस्तकाचं नंतर बघू. आधी मला ही गाठ सोडवायची दाखव. हे काम मी कधी केलेलं नाही."

"कधीच नाही?"

"भुकटी आली तेव्हा माझं मत तयार होतं. मत तयार असलं की माणूस भुकटी कशाला उघडतो?"

एवढं बोलून त्यांनी सर्वांत खालच्या थराची बाटली उचलली आणि झाकणाला हात घातला. तरुणपणापासून जपलेली, जगातली शेवटची, काडेपेटीपेक्षा लहान बाटली.

चिमटीने चिमट्याने ती त्यांच्या बोटांतून अलगद काढून घेतली.

सर वर पाहू लागले.

त्या प्रयोगशाळेत नव्या माणसाच्या हाती खरा नमुना कुणी देत नाही. त्याला रिकामी नळी देतात. तो बिचारा ती धुतो, भाजतो, तिच्यात काहीच न घालता सगळे सोपस्कार करतो आणि शेवटी आत्याबाईंपुढे उभा राहतो. बहुतेकांच्या रिकाम्या नळीत पहिल्या खेपेला नाश्ता सापडतो.

चिमटीने मांडणीवरून एक रिकामी नळी घेतली आणि सरांसमोर धरली.

सरांनी नळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग ती दोन्ही हातांनी घेतली.

"किती वेळा करायचं?"

"कोरी निघेपर्यंत, सर."