बेलाची दहा पानं

बोरखेडीचं सरळ असं कधी काही झालं नाही. गावात खातेदारांची घरं त्रेचाळीस आणि भांडणं त्र्याऐंशी. त्यात त्या साली कापसाला सोन्याचा भाव आला. सातासमुद्रापलीकडे गोरे आपसात लढत होते, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीतला कापूस अमरावतीच्या बाजारात गाडी थांबायच्या आत उचलला जाऊ लागला. पैसा आला की माणसाला अक्कल येते, असं म्हणणाऱ्यानं तेव्हाची बोरखेडी पाहिली नसणार.

अमरावतीच्या साहेबानं आमच्या गावाला पाच पंच लावून दिले होते. गाडीरस्ता, बाजाराची जागा, गायरान, सगळं पंचांच्या हाती. त्यातले तिघं खुशालराव पाटलाचे, म्हणजे सरकारचे. साहेब गावात आला की पाटील त्याच्या घोड्याचा लगाम धरायला चाकराच्याही आधी धावायचा. उरलेले दोघं खालच्या आळीचे. सरकार हो म्हणालं की ते नाही म्हणत. भांडण होतं नदीकाठच्या गायरानाचं. व्यापाऱ्यांना तिथं कापसाचं आवार घालायचं होतं, आणि खालच्या आळीची सगळी गुरं त्याच गायरानावर जगत होती. गायरान द्यायचं तर पाचांतल्या चौघांचा अंगठा लागे. पाटलाकडे तीन होते. चौथ्यासाठी त्याचा जीव तळमळत होता.

दिवाळीच्या आधी खालच्या आळीचा पंच नत्थुजी पटकीनं गेला. मार्गशीर्षात त्या एका जागेची निवड ठरली. खालच्या आळीनं वामनराव गावंड्याला उभं केलं, पाटलानं आपल्या चुलतभावाला, सूर्यभानला.

निवडीची आमची रीत जुनी. महादेवाच्या देवळात तांब्याची दोन ताटं मांडायची. खातेदारानं आंघोळ करून पायरी चढायची, पिंडीला हात जोडायचे आणि बेलाचं एक पान आपल्या माणसाच्या ताटात टाकायचं. बेल हातात घेतल्यावर आमच्याकडे चोरसुद्धा खोटं बोलत नाही. पाटलानं धाक दाखवून पाहिला, गोड बोलून पाहिलं, कोणी फुटेना. हिशेब सरळ होता. वामनरावची चोवीस पानं, सूर्यभानची एकोणीस. चोवीसांतली अकरा घरं एकट्या गावंड्यांच्या भाऊकीची.

आता भाऊकीत मयत झाल्याचं ज्याला कळलं त्याला दहा दिवस सुतक. देवळाची पायरी नाही, बेलाला हात नाही. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, मग पाटलाला माहीत नसेल होय?

निवडीच्या दिवशी उजाडताना गोदाबाई सुनेला घेऊन वावरात निघाली. गोदाबाई म्हणजे वामनरावची थोरली वहिनी. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. ती लग्न होऊन आली तेव्हा दीर लहान होता, त्याला तिनंच वाढवलं. स्वतःचा एकुलता एक केशव चोवीस वर्षांचा, बैलासारखा ताकदीचा. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. वेचलेल्या कापसाचा ढीग वावरात पडला होता आणि भाव असा की ढीग एकटा सोडायची सोय नव्हती, म्हणून केशव राखणीला निजायचा. गोदाबाईनं त्याच्यासाठी भाकरी बांधून घेतली होती. गाडी तीच हाकत होती, मागं सून जमुना बसली होती.

केशव ढिगापाशी नव्हता. तो ऐन गाडीवाटेवर पडला होता. एक घाव मानेत, एक खांद्यात, एक तोंडावर. तोंडावरच्या घावाची काही गरज नव्हती, मानेतल्यानंच काम झालं होतं. ढिगापासून वाटेपर्यंत त्याला ओढत आणल्याची ओली रेघ मातीत उमटली होती.

जमुनानं किंकाळी फोडायला तोंड उघडलं. गोदाबाईनं तिच्या तोंडावर पंजा दाबला. पोरगी झटापट करू लागली, तशी तिनं तिला मातीत पाडलं आणि छातीवर गुडघा देऊन बसली. जमुनाचे दात तिच्या तळव्यात रुतले, रक्त आलं. तरी पंजा हलला नाही.

"आइक," गोदाबाई म्हणाली. "नुसता मारायचाच असता तं बाजूले विहीर हाये, तिच्यात ढकलला असता. वाटेवर काहून आणून टाकला? आपन पाहावा म्हनून. आपन रडावं म्हनून. आपन रडलो का अकराही घरं सुतकात गेली. समजलं तुले? याच्यासाठी मारला माह्या पोराले."

जमुनाचे डोळे बाहेर यायचे राहिले होते.

"पानं पडेपर्यंत रडायचं नाई. पानं पडली का मंग दोघी मिळून रडू. मी सांगीन तवा रडजो."

पंजा काढला तेव्हा जमुना रडली नाही. ती ओकली.

दोघींनी केशवला गाडीत घातलं. सुनेनं पाय धरले, आईनं काखेत हात घातले. मान लटकत होती ती गोदाबाईनं आपल्या पदराची पट्टी फाडून बांधली. मग दोघी ढिगातला कापूस कवेनं आणून गाडीत टाकू लागल्या. पण कापूस नुसता टाकून भागत नाही. तो तुडवावा लागतो, नाहीतर गाडी वेशीपर्यंत पोचायच्या आत अर्धा वाऱ्यावर जातो. न तुडवलेली गाडी पाहून गावातलं कुत्रंसुद्धा विचारेल, आज काय झालं. गोदाबाई गाडीत चढली आणि तुडवू लागली. आधी कडेकडेनं तुडवत होती. गाडी अरुंद होती. मग मधोमध तुडवावंच लागलं. हे सांगताना माझी जीभ अडखळते, तिचे पाय अडखळले नाहीत.

बैलांना रक्ताचा वास लागला. ते फुरफुरू लागले, पाऊल उचलेनात. गोदाबाईनं शेपट्या पिळल्या आणि गाडी हाकली.

वेशीपाशी पाटलाची दोन माणसं चिलीम ओढत बसली होती. इतक्या सकाळी ती तिथं कशाला बसली होती ते तुम्हीच समजा.

"काय गोदाबाई, आज सकाळीच गाडी भरली? केशव कुठी हाये?"

"नांदगावले गेला बापा. थेट देवळात येईन."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाच्या हातातली चिलीम विझली.

घरी वामनराव आला, त्यालाही तिनं तेच सांगितलं. त्यानं अंगणातल्या गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "वयनी, आज तरी गाडी भरायची नव्हती." ती म्हणाली, "काम का आपल्यासाठी थांबते?" खाली मान घालून तिनं त्याला बेलाची पानं निवडून दिली, तीन दळं अखंड असलेली. अकरा निवडली, त्यातलं एक आपल्या कमरेला खोचलं.

दुपारी देवळापुढं सगळा गाव जमला. अमरावतीहून साहेबाचा कारकून, मोरोपंत पेशकार, कागद घेऊन आला होता. सभामंडपात बसून तो तपकीर ओढत होता. आधी वरच्या आळीची पानं पडली, सूर्यभानच्या ताटात एकोणीस. मग खालच्या आळीतल्या इतर घरांची पडली, वामनरावच्या ताटात तेरा. गावंडे उरले. दहा पुरुष, दहा पांढरे फेटे, हातात दहा पानं. वामनराव पहिल्या पायरीवर होता.

खुशालराव पाटील सकाळपासून गोदाबाईच्या घराकडे कान लावून बसला होता. गळा काढल्याचा आवाज काही आला नाही. आता त्याचा चेहरा उतरला होता. तो पाटील होता, तोंड मिटून बसणं त्याला जमत होतं. सूर्यभानला जमलं नाही.

"थांबा!" तो ओरडला. "यायले सुतक हाये!"

वामनराव पायरीवरच थांबला.

"कोनाचं सुतक?" त्यानं विचारलं. "कोन मेलं आमच्यातलं?"

बायका निंबाखाली उभ्या होत्या, त्यातून गोदाबाई पुढं आली.

"सांग ना रे, सूर्यभान. कोन मेलं? माह्या घरून रडनं आलं का? गावात कोनाले खबर नाई, तुले कोनं सांगतलं?"

मोरोपंताची लेखणी थांबली. त्यानं सूर्यभानकडे पाहिलं, मग पाटलाकडे. माणूस मूर्ख नव्हता, त्याला सगळं कळलं. पाटलानं पागोटं सारखं केलं आणि तो पायाच्या अंगठ्यानं फरशी खरडू लागला. एवढ्यावर सारं तिथंच निभावलं असतं. गोदाबाईनं जे गिळलं होतं त्याचं चीज झालं असतं. दहा माणसांनी फक्त सहा पायऱ्या चढायच्या होत्या.

पण वामनराव वळला.

"वयनी, केशव कुठी हाये?"

"आधी पान टाक. मंग सांगीन."

"केशव कुठी हाये?"

"पान टाक, वामन!"

त्याला समजलं. मागच्या नऊ जणांनाही समजलं. वामनरावच्या हातातलं पान गळून पायरीवर पडलं, विस्तव हाती लागल्यासारखा त्यानं हात झटकला. तो पायरी उतरला.

गोदाबाईनं धावत जाऊन त्याचं धोतर धरलं. "अरे याच्यासाठीच मारलं त्याले! तू खाली उतरावा म्हनून मारलं! चढ वरती!"

"सुतकात बेल कसा वाहू, वयनी? देव कोपन. अकराही घरायचा वंश बुडन."

"माहा तं बुडला!"

तो रडत होता. धोतर सोडवून घेऊन तो देवळाच्या आवाराबाहेर जाऊन उभा राहिला. त्याच्यामागं एकेक करून नऊ जण पायरीवर पान ठेवून बाहेर गेले. कोणी मागं वळून पाहिलं नाही. मला त्या दहा जणांचा अजून राग येतो. आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही उतरलो असतो, हे माहीत असल्यामुळे जास्तच येतो.

गोदाबाई वाकली. पायरीवरची दहा पानं तिनं वेचली. कापूस वेचणारीचा हात तो, क्षणात वेचली. मग ती सुतकी बाई, विधवा, तळव्याचं रक्त वाळलेलं, देवळाच्या सहाच्या सहा पायऱ्या चढली आणि दहा पानं वामनरावच्या ताटात टाकली. कमरेचं अकरावं काढलं, तेही टाकलं.

"मोज," ती मोरोपंताला म्हणाली.

मोरोपंतानं तिच्याकडे पाहिलं नाही. "बाई, पान खातेदारानं टाकायचं असतं," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमच्या मुलाच्या खुनाची वर्दी ठाण्यात द्या. ते काम माझं नाही." आणि लेखणीच्या टोकानं त्यानं अकरा पानं ताटाबाहेर सारली. एकोणीस विरुद्ध तेरा. सरकारच्या बाजूची एक जागा वाढली, असं त्यानं कागदावर लिहिलं आणि शाई सुकायला वर वाळू टाकली.

पुढं जे झालं त्याला अर्धी घटकाही लागली नाही. गावंडे घरी धावले ते कुऱ्हाडी घेऊनच परत आले. देवळाबाहेर निंबाखाली त्यांनी पाटलाच्या लोकांना गाठलं. वेशीवरच्या एका चिलीमवाल्याची कवटी फुटली, तो तिथंच मेला. एका गावंड्याचं पोट फाडलं गेलं, तो आतडी धरून घराच्या ओट्यापर्यंत चालत गेला आणि ओट्यावर मेला. सूर्यभान देवळाकडे पळत होता. वामनरावनं त्याला पायरीखाली पाडलं आणि त्याचा उजवा हात मनगटातून तोडला. मोरोपंत कागद छातीशी धरून पिंडीमागं दडला होता.

सूर्यभान जगला. पुढं कित्येक वर्षं पंच म्हणून बसला. पौषातच गायरानाचा कागद झाला, त्यावर त्यानं डाव्या हाताचा अंगठा उठवला. वामनरावला आणि चार गावंड्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. केशवच्या खुनाला साक्षीदार मिळाला नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी ऊन कललं तेव्हा वामनराव गोदाबाईच्या अंगणात आला. हातात कुऱ्हाड होती, अंगरखा छातीपर्यंत लाल झाला होता. गोदाबाई गाडीत उभी राहून कापूस उपसत होती. जमुना चाकाला टेकून बसली होती.

"वयनी, हात तोडला त्याचा," वामनराव म्हणाला. "केशवले मारनारा हात तोडला."

गोदाबाई उपसत राहिली. वरचा कापूस पांढरा होता, मग गुलाबी निघाला, मग तिच्या हाताला नुसता चिकटू लागला.

"सुतकात बेल चालत नाई," ती म्हणाली. "कुऱ्हाड चालते का रे?"

वामनरावनं कुऱ्हाड खाली ठेवली.

"मी पाय देल्ले त्याच्यावर. या पायानं तुडवला माह्या पोराले. तुमी फक्त पान टाकायचं होतं."

कापसातून केशवचा हात बाहेर आला तेव्हा जमुना उठून गाडीपाशी आली. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती.

"आत्याबाई," तिनं विचारलं, "आता रडू का?"