एक हजार नऊ माणसं

कारखान्याच्या वर्धापनदिनाची कवायत बसवायचं काम शाळेत कवायत शिकवणाऱ्या बाईंनी घेतलं, तेव्हा साहेबांच्या अटी त्यांना साध्याच वाटल्या होत्या. सगळे कामगार मैदानात हवेत, एकही बाहेर नको, एकही उपरा नको. रांगा सारख्या हव्यात आणि आकृती भरीव हवी. कामगार होते एक हजार नऊ.

बाईंनी बारा-बाराच्या रांगा लावल्या, तर एक माणूस उरला. चौदाच्या लावल्या, एक उरला. सोळा, अठरा, एकवीस, चोवीस, दरवेळी एकच. आणि तोही नेमका रंगखात्यातला, सगळे ज्याला जिराफ म्हणत तो उंच गडी, कारण उंचीप्रमाणे उभं करताना तो शेवटी यायचा.

"बाई, मी काय घोडं मारलंय कुणाचं?" तो उन्हात एकटा उभा राहून ओरडला. रांगांमध्ये हशा पिकला.

घसा बसलेल्या बाई घरी आल्या. मोठा भाऊ कॉलेजात गणित शिकवायचा. बाईंनी त्याला सगळं सांगितलं, तर त्याचा चेहराच उजळला.

"अगं, मूळ संख्या आहे ती! एक आणि ती स्वतः सोडून कुणी भागतच नाही तिला. आणि चार आकड्यांतली सगळ्यात पहिली!"

"दादा, मला तिची कुंडली नकोय. रांगा कशा लावू ते सांग."

"सारख्या रांगा? एकच आडवी रांग लाव लांबलचक. नाहीतर एकामागे एक उभे कर."

बाईंनी हातातलं ताट आपटलं. "चेष्टा सुचतेय तुला? साहेब माझं डोकं खाताहेत!"

"थांब गं. चारने भागलं तर बाकी एक उरते ना? अशी मूळ संख्या दोन चौरसांत बसते. आणि एकाच प्रकारे." त्याने वर्तमानपत्राच्या कडेला खरडलं. "अठ्ठावीस बाय अठ्ठावीस, आणि पंधरा बाय पंधरा. कुणी उरत नाही."

बाईंनी दोनदा बेरीज केली. जुळत होती. "हे आधी सांगायला तोंडात गुळणी धरली होतीस?"

दुसऱ्या दिवशी नवंच त्रांगडं. धाकट्या चौरसात जायला कुणीच तयार होईना. "आम्ही काय कमी आहोत?" बाईंनी कपाळावर हात मारला आणि जाहीर केलं, धाकटा चौरस पुढे, साहेबांच्या अगदी समोर. लगेच सगळे तिकडे धावले. मग चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठ्यांवरूनही भांडण झालं, ते वेगळंच.

पण कवायत झाली. थोरला चौरस उजवीकडे वळला, धाकटा डावीकडे, आणि दोन्हींचे कोपरे एकमेकांजवळून न घासता गेले. जिराफ पुढच्या ओळीत होता, छाती काढून. साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते.

 बाई कट्ट्यावर बसल्या. दादा गर्दीतून वाट काढत आला.

"सुरेख! फक्त चार माणसं जास्त असती ना, एक हजार तेरा, तर काय बहार आली असती! तीही मूळच, पण बावीस आणि तेवीसचे चौरस. जवळजवळ जुळे!"

 बाईंनी गळ्यातली शिट्टी उचलली आणि त्याच्या कानाशी जीव खाऊन फुंकली.