बंब कोण नेणार

डेलमोर गावात सभेत उठून उभं राहणं म्हणजे जबाबदारी घेणं, असा रिवाज होता. तो कुणी पाडला ते कुणाला ठाऊक नव्हतं. बसून राहिलेल्यांपैकीच कुणीतरी पाडला असावा.

मायरन नातियुक या रिवाजात तीनदा सापडला होता. शाळा बंद पडली तेव्हा "आता जमायचं कुठे?" हा प्रश्न निघाला, आणि नेमका तेव्हाच तो शेगडीत लाकूड घालायला उठला. मग कॉफीचा बंब आणि खुर्च्या त्यानेच धान्यकोठाराच्या ऑफिसात नेल्या. कोठार पाडायचं ठरलं, त्या सभेत तो दार लावायला उठला. बंब गेला दुकानाच्या मागच्या खोलीत. दुकान मिटलं तेव्हा तर त्याच्या पायात नुसता गोळा आला होता. त्या गोळ्यापायी गाव कर्लिंगच्या रिंकवर, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या छपराखाली आलं. गावाचा इतिहास तुझ्या कमरेत साठलाय, असं त्याची बायको डार्लीन म्हणायची.

आता बर्फाने रिंकचं छप्पर वाकलं होतं. तिथल्या शेवटच्या सभेला मायरन कॉफी न पिता, आधी मोरीला जाऊन, भिंतीला टेकून बसला. मेलो तरी उठायचं नाही.

"बोला, बंब कोण नेणार?" सभा चालवणाऱ्या अर्नीने विचारलं.

सगळे आपापले बूट न्याहाळू लागले.

"मायरन, वारा येतोय रे त्या खिडकीतून," कुणीतरी म्हणालं.

"मला बरा वाटतोय."

"तुझी टोपी पडली बघ."

"पडू दे. तीही दमली असेल."

"मग जमणं बंदच म्हणायचं का?" वँडा म्हणाली. नवरा गेल्यापासून ती दिवसभराचं बोलणं साठवून इथे आणायची. "घरी भिंतीशी बोलू?"

"भिंत निदान मध्ये तोंड घालत नाही," अर्नी म्हणाला.

कुणी हसलं नाही. तेवढ्यात जळका वास सुटला. बंबातली कॉफी आटली होती. अर्नी बंबापासून हातभर अंतरावर होता. तो छताकडे बघत राहिला. वास सगळ्यांना आला, आणि सगळ्यांनी तो निमूट सोसला.

जळू दे, मायरनला वाटलं. बंबच उरला नाही तर न्यायचं काय? मग त्याचं लक्ष वँडाकडे गेलं. रिकामा कप दोन्ही हातांत धरून ती बसली होती, अजून कुणी ओतेल म्हणून.

तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि त्याने प्लग उपटला.

"मायरन उभा आहे," अर्नी हळूच म्हणाला. "नोंद घ्या."

बंब घेऊन चालत घरी आला तर गॅरेजातली त्याची गाडी बाहेर बर्फात उभी. गॅरेज झाडलेलं, आत डार्लीन घरातल्या खुर्च्या मांडत होती.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? बंब तिकडे ठेव."

त्याने बंब ठेवला आणि जवळच्या खुर्चीत अंग टाकलं.

"ऊठ," डार्लीन म्हणाली. "ती वँडाची."

मायरन बराच वेळ उठला नाही.