आठ घरांत गेलेल्या फांद्या

मी बोलतोय तो खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातून, प्लास्टरच्या जबड्यांची मांडणी आहे ना, तिच्या शेजारून. मी रबराचं झाड. कुंडीतलं, जाड चकचकीत पानांचं. जबड्यांना घाबरू नका, ते नुसते साचे आहेत. माझे मालक दातांच्या कवळ्या बनवतात. सगळी इमारत त्यांना कवळीकाका म्हणते.

मी बीपासून उगवलेलो नाही. एका इस्पितळात, नातेवाइकांनी थांबायच्या खोलीत माझी आई उभी होती. काका तिथे कवळ्या पोचवायला जात. एकदा विचारून-सवरून त्यांनी तिच्या फांदीची साल पेरभर गोल सोलली, त्यावर ओलं शेवाळ बांधलं आणि वरून प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं आवळली. याला गुटी म्हणतात. दोन महिने मी त्या ओल्या पुरचुंडीत, आईच्याच अंगावर मुळं फोडत होतो. समोर बसलेली माणसं ज्या बातमीसाठी ताटकळत, ती डॉक्टर दारात यायच्या आधीच आईला कळायची आणि तिचं एखादं पान सुटायचं. मला वाटलं, सगळ्याच झाडांचं असं असतं.

मुळं धरल्यावर काकांनी मला खालून कापून घरी आणलं.

"अहो, हे झाड आहे की पाय फुटलेलं भूत?" माझी पांढरी मुळं बघून काकू म्हणाल्या. पण उजेडाची जागा त्यांनीच करून दिली.

काही वर्षांत मी छताला टेकलो. काकांच्या हाताला चैन पडत नसे. कवळीचं मेण कोरायच्या सुरीनेच ते माझ्या फांद्यांवर गुट्या बांधत. शेंडे छाटत, त्यांचा चीक धुऊन मातीत खोचत. अशी माझी आठ रोपं इमारतीतल्या आठ घरांत गेली. कापलं की तुटलं, असं माणसांना वाटतं. मला मात्र वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंच्या खिडकीतलं ऊन माझ्याच पानांवर पडल्यासारखं जाणवायचं.

एका दुपारी वारा नव्हता, काही नव्हतं, तरी माझ्या एकाच बाजूची अकरा हिरवी पानं पटापट गळली.

"पाणी जास्त झालं असेल," काकू म्हणाल्या.

काका त्या बाजूचा जुना काप बोटाने चाचपत राहिले. "बाईंना दिलेली फांदी इथलीच."

"मग?"

"मग काही नाही. जरा वर जाऊन येतो."

बाई आदल्या दिवसापासून न्हाणीघरात पडून होत्या. कंबरेचं हाड मोडलं होतं, आवाज बसला होता. दार फोडावं लागलं. बाई वाचल्या. मग आठवडाभर लोक मला बघायला येत होते, कौतुकाने पानं पुसत होते.

पुढच्या वेळी दुसरी बाजू गळली. तिकडची फांदी तळमजल्यावर दिलेली. काका धावत खाली गेले, तर घड्याळं दुरुस्त करणाऱ्याने स्वतःच दार उघडलं. "अहो काका, मी ठणठणीत आहे!" म्हणत तो खो खो हसला. संध्याकाळी तो खुर्चीत बसल्या जागी गेला.

त्यानंतर माझं कौतुक सरलं. सकाळी दार उघडावं तर बाहेर एक कुंडी. दुसऱ्या दिवशी दोन. कुणी घंटासुद्धा वाजवली नाही. बाई तेवढ्या काठी टेकत स्वतः आल्या. "तुमच्या झाडाने मला वाचवलं, मान्य. पण ते खोलीत असलं की डोळा लागत नाही हो. सारखं वाटतं, याला काहीतरी कळलंय."

आता आम्ही नऊही कुंड्या याच खोलीत आहोत. काकूंनी एकदाच विचारलं, "कुणा लांबच्याला देऊन टाकूया का?" काका म्हणाले, "लांबच्याला तरी काय सांगून देऊ?"

गेल्या आठवड्यापासून पानं गळताहेत. एका बाजूची नव्हेत, नऊही कुंड्यांमधली. बाहेर कुणाकडे माझी फांदी उरलेली नाही. काकू दुपारच्या आडव्या झाल्या की काका गळलेली पानं हळूच गोळा करतात, कामाच्या ॲप्रनच्या खिशात कोंबतात आणि पलंगापाशी वाकून काकूंचा श्वास ऐकतात.

आज काकू डोळे मिटूनच म्हणाल्या, "किती पडली?"

"एकही नाही गं. झोप तू."

"मग खिसा का फुगलाय?"

काकांनी खिशावर हात ठेवला.

"सकाळी तुम्ही उठायच्या आत चौदा पडतात," काकू म्हणाल्या. "पिठाच्या रिकाम्या डब्यात लपवलीत मी. तुम्ही घाबराल म्हणून."

काका पलंगाच्या कडेला बसले. "आपल्या दोघांत कुणाची वेळ आलीय, ते कळत नाही."

"नाही कळत तेच बरं. सरका, बसा नीट. आज काम राहू दे, ती सुरी हातात घेऊ नका."

मला कळतं कुणाची. पण मला वाचा नाही, आणि ती नाही याचं आज पहिल्यांदाच बरं वाटतंय.

तुमच्याही घरात जाड पानांचं एखादं झाड असेल. कुणी दिलं, कुठल्या फांदीचं, ते तुम्ही विसरलाही असाल. त्याला दाराबाहेर काढू नका. विनाकारण हिरवं पान गळलंच, तर मोजत बसू नका. हातातलं काम ठेवा आणि आपल्या माणसाजवळ जाऊन बसा. ती दोघं आत्ता तशीच बसली आहेत.