माझा पोचा काढू नका

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. माझ्या पोटाला भलामोठा पोचा आला आहे. तो ठोकून सरळ करायला बरेच जण हातोडा घेऊन आले. मी मनात म्हणते, हात तर लावून बघा!

कारखान्यातून मी थेट बांधकामावर आले. कितीतरी भिंतींचा गिलावा माझ्या पाण्यावर पोसला. "हिच्यातून थेंब गळायचा नाही," असं गवंडी म्हणायचा आणि मी फुगून जायचे. तो वर परांचीवर, म्हणजे बांबू बांधून केलेल्या फळ्यांच्या माळ्यावर असायचा. खाली माल कालवायला त्याची भावजय. सगळेच तिला वहिनी म्हणायचे.

परांचीच्या कडेला एक उभी फळी ठोकतात, वस्तू घरंगळून खाली पडू नये म्हणून. आमच्याकडे ती कधी जागेवर नसायचीच. चहाच्या वेळी दोन विटांवर ठेवली की झाला बाक! परत वर नेऊन ठोकायचा मात्र सगळ्यांना कंटाळा.

एका दुपारी गवंड्याचा पाय लागला आणि मी चौथ्या मजल्यावरून खाली आले. वहिनी फावडं घ्यायला नुकतीच बाजूला सरकली होती. ती उभी होती तिथेच मी आदळले. सगळे धावले. तिला खरचटलंही नव्हतं. मग काय, हशा सुरू झाला.

"वहिनी, बादलीसुद्धा तुम्हाला टरकते!"

"काही झालं नाही ना?" मुकादम म्हणाला. "मग बोभाटा कशाला? आण रे हातोडा, पोचा काढ हिचा."

या "काही झालं नाही"चा मला आजही संताप येतो. माझं पोट आत गेलं ते काय उगाच? तिथे तिचं डोकं असतं तर?

वहिनीने मला उचलून छातीशी धरलं. "पोचा राहू दे. ही मी इंजिनिअर बाईंना दाखवणार."

गवंड्याचा चेहरा उतरला. "वहिनी, घरच्या माणसाच्या पोटावर पाय देणार? मला काढून टाकतील."

"भावजी, तुमचं नाही, त्या फळीचं सांगणार आहे. पाय कुणाचाही लागतो. आज मी वाचले, उद्या कोण?"

"नसतं लचांड मागे लागेल," मुकादम गुरकावला.

"लागू दे," म्हणत ती निघालीसुद्धा.

बाईंनी पोच्यावरून हात फिरवला आणि पाय कुणाचा लागला ते विचारलंच नाही. फळी जागेवर ठोकली गेली, चहासाठी वेगळा बाक आला. मला फाटकाशी टांगलं. कुणी थोडक्यात वाचलं तर ही वाजवा आणि काय झालं ते सांगा, नाव विचारणार नाही, असं बाईंनी सगळ्यांना बजावलं.

पण वाजवतो कोण! येता-जाता सगळे मला चुगलखोर म्हणायचे. गवंडी वहिनीशी धड बोलेना. माझ्यावर गंज चढू लागला. मला फार वाईट वाटायचं, पण वहिनीची मान खाली गेली नाही, मग मी तरी का घालू?

एका सकाळी वर कुणाच्या तरी हातून हातोडा सुटला. तो घरंगळत कडेला आला, फळीवर थडकला आणि तिथेच थांबला. बरोबर खाली गवंडी पाणी पीत होता. आवाज ऐकून त्याने वर पाहिलं. हातातला तांब्या तसाच राहिला. मग तो वर चढला, हातोडा घेऊन उतरला आणि तडक माझ्याकडे आला.

"काढताय ना पोचा एकदाचा?" मुकादम हसला.

गवंड्याने मला असं बडवलं की सगळी साइट थांबली. "हातोडा सुटला होता!" तो ओरडला. "फळी होती म्हणून वाचलो. वहिनी, ऐकलंत का?"

"ऐकलं, भावजी," ती डोळे पुसत म्हणाली. "अजून वाजवा."

मित्रांनो, आता माझ्यात पाणी टिकत नाही, पण आवाज खणखणीत आहे. थोडक्यात वाचलात तर हसण्यावारी नेऊ नका. या आणि मला बडवा. आणखी शंभर पोचे पडले तरी चालतील, मी गप्प बसणार नाही.